शपथ, पेनी आणि चाळीस शिलिंगांचं कूळ

ब्रिटिश पार्लमेंटात १८२९ पर्यंत कॅथलिक माणूस बसू शकत नव्हता, एवढं बऱ्याच जणांच्या कानावर आलेलं असतं. पण 'कॅथलिकांना प्रवेश बंद' असं कलम कायद्यात शोधायला गेलात तर हाती लागणार नाही. बंदी होती ती शपथेत. निवडून आलेल्या सभासदाला जागेवर बसण्याआधी टेबलाशी उभं राहून काही शपथा घ्याव्या लागत. राजाशी निष्ठेची शपथ होती, तिला कुणाची हरकत नव्हती. दुसरीत म्हणायचं की परक्या धर्माधिकाऱ्याला, म्हणजे पोपला, या राज्यात राजकीय तर नाहीच, धार्मिक अधिकारही नाही. आणि त्यावर एक जाहीर घोषणा: मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात हे खरं नाही, मरिया आणि संतांचा धावा करणं, मिस्साबलिदान, हे सगळं थोतांड आणि मूर्तिपूजा आहे. एवढं तोंडाने म्हटल्यावर तो माणूस कॅथलिक उरतोच कुठे? दाराला कुलूप नाही, फक्त उंबऱ्यावर तुमचाच देव ठेवलाय, त्याला तुडवून आत या, असा मामला.

या रचनेत एक फट होती. शपथ आत बसण्याआधी होती, निवडणूक लढवण्याआधी नव्हती. शंभरेक वर्षं तिचा उपयोग कुणी केला नाही, आणि केला तेव्हा सरकार हललं. पण तिथवर पोचायला आधी जमिनीकडे बघावं लागतं, कारण आयर्लंडमधल्या या भांडणाचं मूळ धर्माइतकंच सातबाऱ्यात होतं.

घोडा, मुलगा आणि शेत

आयर्लंडची साधारण तीन चतुर्थांश वस्ती कॅथलिक. १६९० च्या जुलैत बॉइन नदीकाठी प्रोटेस्टंट राजा विल्यमने आपल्या कॅथलिक सासऱ्याला, जेम्स दुसऱ्याला, हरवलं. पुढच्या वर्षी लिमरिकचा तह झाला, त्यात कॅथलिकांना पूर्वीइतकी मोकळीक राहील असं लिहिलं होतं. पण डब्लिनच्या पार्लमेंटात आता फक्त प्रोटेस्टंट जमीनदार बसत होते. ज्यांनी नुकत्याच जप्त झालेल्या जमिनी घेतल्या होत्या, त्यांनाच तो तह पाळायचा होता. त्यांनी तो पाळला नाही. १६९५ पासून एकामागून एक कायदे आले, आणि त्या गाठोड्याला 'पीनल लॉज', म्हणजे दंडाचे कायदे, असं नाव पडलं.

कॅथलिकाने हत्यार बाळगायचं नाही. शाळा चालवायची नाही, आणि मुलाला शिकायला परदेशीही पाठवायचं नाही. बिशपांनी आणि मठवासी धर्मगुरूंनी देश सोडायचा. पाच पौंडांपेक्षा जास्त किमतीचा घोडा ठेवायचा नाही. असला तर कुणीही प्रोटेस्टंट पाच पौंड पाच शिलिंग पुढे करून तो घेऊन जाऊ शके. हे कलम हास्यास्पद वाटतं, पण १७७३ साली कॉर्क परगण्यात आर्ट ओ'लिअरी हा परदेशी फौजेतून परतलेला तरणाबांड सरदार याच पायी जिवाला मुकला. शेरिफ राहिलेल्या एका जमीनदाराने त्याची घोडी पाच पौंडांना मागितली, याने नकार दिला, फरारी ठरवला गेला आणि गोळी लागून मेला, अशी ती हकीकत सांगतात. त्याची बायको आयलीन ही ओ'कॉनेल घराण्यातली. ज्या डॅनियल ओ'कॉनेलवर आपण पुढे येणार आहोत, त्याची ती आत्या.

खरी कमाल १७०४ च्या कायद्यात आहे. कॅथलिकाने जमीन विकत घ्यायची नाही आणि ३१ वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या पट्ट्यानेही नाही. बाप मेला की जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची. आपल्याला यात काय विशेष, असं वाटेल. पण भोवताली जमीनदारांच्या घरात सगळी इस्टेट थोरल्याकडे जात होती, आणि सारखी वाटणी सक्तीची होती ती फक्त कॅथलिकांना. हिशेब करून बघा: १६० एकर, चार मुलगे, प्रत्येकी ४०, त्यांना चार-चार मुलगे, प्रत्येकी १०. दोन पिढ्यांत मोठा शेतकरी अल्पभूधारक. यातून सुटकेची वाट कायद्यातच ठेवली होती. थोरला मुलगा सरकारी प्रोटेस्टंट चर्चमध्ये गेला की सगळी जमीन त्याची. एवढंच नाही, बाप जिवंत असतानाच बापाची मालकी संपे. तो हयातीपुरता वहिवाटदार उरे, विकू शकत नसे, गहाण टाकू शकत नसे. घरातल्या जेवणाच्या टेबलावर हा कायदा काय करत असेल याची कल्पना यावरून करता येते.

पळवाट शोधणारे होतेच. प्रोटेस्टंट मित्राच्या नावावर जमीन घेऊन ठेवायची. म्हणून १७०९ मध्ये नवं कलम आलं: असा बेनामी व्यवहार जो प्रोटेस्टंट कोर्टात उघड करील, त्यालाच ती जमीन मिळेल. यावरही तोड निघाली. कॅथलिक मालक आपल्याच विश्वासातल्या प्रोटेस्टंटाला सांगे, 'दुसऱ्या कुणाच्या आधी तूच माझ्यावर दावा लाव.'

१६४१ मध्ये आयर्लंडच्या साधारण ६० टक्के जमिनीचे मालक कॅथलिक होते. १६८८ मध्ये २२ टक्के, १७०३ मध्ये १४, आणि १७७० च्या दशकात जेमतेम ५. मिस्सा मात्र चालू राहिली, आडबाजूच्या झोपडीत, कधी उघड्यावर, आणि सरकारने तिकडे पुष्कळदा काणाडोळा केला. पूजेबद्दलचे कायदे ढिले आणि जमिनीबद्दलचे करकचून, यावरून कायदे करणाऱ्यांना कशाची काळजी होती ते कळतं. १७२८ मध्ये उरलासुरला मताधिकारही काढून घेतला.

थेंबाथेंबाने

सूट मिळू लागली ती उदारपणातून कमी आणि शिपायांच्या टंचाईतून जास्त. अमेरिकेत युद्ध पेटलं, पलटणींत माणसं हवी होती, आणि आयरिश कॅथलिक गावांत माणसं होती. १७७८ च्या कायद्याने सक्तीची वाटणी गेली आणि ९९९ वर्षांच्या पट्ट्याने जमीन घेण्याची परवानगी मिळाली. ९९९ का, हजार का नाही, मालकीच का नाही? इंग्रजी कायद्यात ठरावीक मुदतीचा पट्टा, मग तो नऊशे नव्याण्णव वर्षांचा का असेना, 'फ्रीहोल्ड', म्हणजे मालकीच्या तोडीचा हक्क, धरत नसत. एका माणसाच्या हयातीपर्यंतचा पट्टा मात्र तेव्हा फ्रीहोल्ड धरत. आणि मत फ्रीहोल्डला चिकटलेलं. म्हणजे जमीन घ्या, पिकवा, पण राजकारणात पाऊल नको. प्रत्यक्ष खरेदीची परवानगी १७८२ मध्ये आली. दरम्यान इंग्लंडमधल्या कॅथलिकांना दिलेल्या अशाच किरकोळ सवलतींवरून १७८० च्या जूनमध्ये लंडनमध्ये आठवडाभर दंगल उसळली, तुरुंग जाळले गेले आणि लष्कराच्या गोळीबारात शेकडो माणसं मेली. विरोध फक्त दरबारात नव्हता, रस्त्यावरही होता, हे विसरून चालत नाही.

१७९२ मध्ये कॅथलिकांना वकिलीची मुभा मिळाली. डिसेंबरात डब्लिनमध्ये त्यांची निवडून आलेल्या प्रतिनिधींची परिषद भरली. तिचा पगारी चिटणीस वुल्फ टोन हा स्वतः प्रोटेस्टंट होता. फ्रान्सशी युद्ध दारात होतं, सरकार घाबरलं आणि १७९३ च्या कायद्याने कॅथलिकांना मत मिळालं. पार्लमेंटात बसायचा हक्क मात्र नाही. मत देता येईल, पण आपल्या माणसाला नाही. शिवाय त्याच वर्षी आणखी एक कायदा करून प्रतिनिधींच्या अशा परिषदा बेकायदा ठरवल्या. तो लक्षात ठेवा.

१७९८ चं बंड चिरडल्यावर पंतप्रधान पिटने आयर्लंडचं पार्लमेंटच ब्रिटनमध्ये विलीन केलं. विलीनीकरण होऊ द्या, मग कॅथलिकांना पूर्ण हक्क मिळतील, अशी आशा तेव्हा दाखवली गेली होती. १ जानेवारी १८०१ ला विलीनीकरण झालं. राजा जॉर्ज तिसरा म्हणाला, राज्याभिषेकाच्या वेळी मी प्रोटेस्टंट चर्च जपण्याची शपथ घेतली आहे, ती मोडणार नाही. पिटने राजीनामा दिला आणि विषय बारगळला.

पुढची वीस वर्षं अर्जविनंत्यांची. विधेयकं येत, पडत. १८२१ मध्ये एक कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहात, पास होऊन लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, आपटलं. त्यातली बरीच वर्षं कॅथलिक आपसातच भांडत होते: हक्क मिळणार असतील तर बिशपांच्या नेमणुकीवर सरकारला नकाराधिकार द्यायचा का? उमराव आणि इंग्लंडमधले कॅथलिक म्हणत, द्या. १८१४ मध्ये रोममधूनही होकार आला. आयरिश बिशप आणि ओ'कॉनेल म्हणाले, नाही. पगारी सरकारी बिशप आले तर गोरगरिबांचा धर्मगुरूंवर विश्वास राहणार नाही, हे ओ'कॉनेलने ओळखलं होतं. त्यासाठी त्याने दहा वर्षं चळवळ थंड पडू दिली. हा हट्ट बरोबर होता हे पुढे दिसलं, कारण त्याचं सगळं यंत्र त्याच धर्मगुरूंच्या खांद्यावर उभं राहिलं.

महिन्याला एक पेनी

ओ'कॉनेल केरीचा, जन्म १७७५ चा. वकील म्हणून देशात नाव, पण कॅथलिक असल्यामुळे वरिष्ठ वकिलाचा रेशमी झगा त्याला मिळत नव्हता. त्याच्याहून सुमार प्रोटेस्टंट वकील कोर्टात त्याच्या पुढे बसत. १८२३ मध्ये त्याने रिचर्ड शील वगैरेंबरोबर कॅथलिक असोसिएशन काढली. वार्षिक वर्गणी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. साहजिकच वकील, व्यापारी आणि मोजके जमीनदार एवढेच सभासद. सभेला दहाचा कोरम लागे आणि तोही भरत नसे. १८२४ च्या फेब्रुवारीत असाच एकदा कोरम भरेना. धर्मगुरू आपोआप सभासद धरले जात. सभा एका पुस्तकाच्या दुकानाच्या माडीवर होती. ओ'कॉनेल खाली गेला, दुकानात पुस्तकं चाळणाऱ्या दोन तरुण पाद्र्यांना अक्षरशः ओढत वर आणलं, दहा मोजले आणि आपली योजना मांडली.

योजना अशी: गिनी देणारे सभासद राहू द्या, पण महिन्याला एक पेनी देईल तो सहसभासद. १२ पेनींचा एक शिलिंग, म्हणजे वर्षाला एक शिलिंग. एका गिनीत एकवीस गरीब. दहा लाख लोकांनी दिला तर दहा लाख शिलिंग, म्हणजे ५० हजार पौंड. या वर्गणीला नाव दिलं 'कॅथलिक रेंट'. रेंट म्हणजे खंड. जन्मभर जमीनदाराला खंड भरणाऱ्या कुळाला हा शब्द समजावून सांगावा लागला नसणार.

गोळा कोण करणार? प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, वसुलीसाठी माणसं नेमली. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दाराशी टेबल मांडून पेनी घ्यायची आणि वहीत नाव लिहायचं. फादर वेदीवरून आठवण करून देत. वसुलीबरोबर डब्लिनची वर्तमानपत्रं गावात येत आणि ज्याला वाचता येतं तो मोठ्याने वाचून दाखवी. पैसा खर्च व्हायचा तो कुळांच्या खटल्यांवर, पार्लमेंटकडच्या अर्जांवर, छपाईवर आणि शाळांवर. आपल्याकडे काँग्रेसचं चार आण्यांचं सभासदत्व १९२० नंतर आलं, त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. पेनीची खरी किंमत तिजोरीत नव्हती. पेनी दिलेला माणूस पुढच्या रविवारी विचारतो, आमच्या पैशाचं काय चाललंय?

आणि तो १७९३ चा परिषदबंदी कायदा? असोसिएशनने प्रतिनिधी निवडलेच नाहीत. कागदोपत्री ती कुणाचीही प्रतिनिधी नव्हती, फक्त स्वतःच्या मर्जीने जमलेली माणसं. सरकारने १८२५ मध्ये खास कायदा करून तिच्यावर बंदी आणली, तर ओ'कॉनेलने 'नवीन कॅथलिक असोसिएशन' काढली. उद्देश: दानधर्म आणि सदर कायद्याने मनाई न केलेली इतर कामं. कायदा वकिलाने लिहिलेला असेल तर तो वकिलालाच वाचता येतो.

मत कुणाचं?

आता चाळीस शिलिंगांचं कूळ म्हणजे काय ते. ज्याच्याकडे फ्रीहोल्ड आहे आणि खंड देऊन ज्याला त्यातून वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड, सुटतात त्याला मत. वर सांगितल्याप्रमाणे हयातीपर्यंतचा पट्टा फ्रीहोल्ड धरला जाई. म्हणून आयर्लंडमधले जमीनदार एवढ्याएवढ्याशा तुकड्यांचे हयाती-पट्टे कुळांना लिहून देत, कारण जितकी अशी कुळं तितकी मतं आपल्या खिशात. मतदान उघड असे: सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव तोंडाने सांगायचं. मतदानाच्या दिवशी कारभारी कुळांचा जथा हाकत नेई.

कूळ विरोधात का जात नसे, याचं कारण खंडाच्या पद्धतीत होतं. रिवाजाने प्रत्येक कूळ खंड सहा महिने मागे भरे. तो बाकी राहिलेला हप्ता जमीनदार कधी मागत नसे, पण सोडतही नसे. म्हणजे इमानदार कूळसुद्धा कायम थकबाकीदार. वाकडं गेलं की कारभारी म्हणणार, बाकी आजच टाक, नाही तर घर खाली कर.

१८२६ च्या निवडणुकीत वॉटरफर्ड परगण्यात हे मोडलं. तिथे बेरेसफर्ड घराण्याची जहागीर असल्यासारखी जागा. समोर हेन्री व्हिलियर्स स्टुअर्ट हा कॅथलिकांच्या बाजूचा प्रोटेस्टंट जमीनदार. कुळांनी चक्क मालकाविरुद्ध तोंडाने मत सांगितलं आणि बेरेसफर्डने मतदान पुरं होण्याआधीच माघार घेतली. लाउथ, मोनाहन, वेस्टमीथमध्येही तसंच. मग बाकीच्या हप्त्यांचे तगादे सुरू झाले, आणि पेनीफंडाला नवं काम मिळालं: तगादा आलेल्या कुळाची बाकी भरायची. सगळ्यांना पुरेल इतका पैसा नव्हता, काही कुळं उठवली गेलीच. पण आपल्यामागे कुणीतरी उभं आहे, हे कुळांना दिसलं.

क्लेअर

१८२८ च्या जानेवारीत वेलिंग्टन पंतप्रधान झाला. हा डब्लिनचा आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला आणि असईला शिंद्यांच्या फौजेशी लढाई केली, तोच. आणि ज्याच्या गव्हर्नर-जनरलपदाच्या काळात दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला तो थोरला भाऊ रिचर्ड १८२१ ते १८२८ आयर्लंडचा व्हाइसरॉय होता. थोरला कॅथलिकांना अनुकूल, धाकटा प्रतिकूल.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे खासदार मंत्री झाला की त्याला पुन्हा निवडून यावं लागे. वेलिंग्टनने आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्याचे खासदार व्हेसी फिट्झजेराल्ड यांना व्यापारमंडळाचं अध्यक्षपद दिलं आणि पोटनिवडणूक लागली. फिट्झजेराल्ड बरा माणूस, कॅथलिकांच्या बाजूने मत देणारा. पण या सरकारात जाईल त्याला पाडायचं असा असोसिएशनचा ठराव होता. प्रोटेस्टंट उमेदवार मिळेना, तेव्हा सुरुवातीला सांगितलेल्या फटीत ओ'कॉनेल स्वतः शिरला.

जुलै १८२८ च्या पहिल्या पाच दिवसांत एनिस गावात मतदान झालं. कुळं फादरांच्या मागे रांगेने गावात आली. ओ'कॉनेलला दंग्याची धास्ती होती, कारण एक दगड उडाला असता तर सरकारला हवं ते निमित्त मिळालं असतं. म्हणून मतदान संपेपर्यंत व्हिस्की शिवायची नाही अशी सक्त ताकीद, आणि लोकांनी ती पाळली. आयर्लंडच्या निवडणुकीत हा चमत्कारच. मतं: ओ'कॉनेल २,०५७, फिट्झजेराल्ड ९८२.

वेलिंग्टन सेनापती होता, हिशेब त्याला लगेच समजला. पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत हेच आयर्लंडभर होणार. निवडून आलेल्यांना शपथेवरून बाहेर ठेवलं तर बंड, आणि बंड मोडायला जी फौज पाठवायची तिच्यात आयरिश कॅथलिक शिपाई भरलेले. आयुष्यभर विरोध केलेल्या गृहमंत्री पीलनेच ५ मार्च १८२९ ला कॅथलिकांना पार्लमेंट खुलं करणारं विधेयक मांडलं. राजा जॉर्ज चौथा रडला, सही करणार नाही म्हणाला, मंत्रिमंडळाचा राजीनामा घेतला आणि त्याच रात्री परत बोलावलं. वेलिंग्टनला तर एका उमरावाशी पिस्तुलाचं द्वंद्व खेळावं लागलं. कॉमन्समध्ये ३२० विरुद्ध १४२, लॉर्ड्समध्ये २१३ विरुद्ध १०९. १३ एप्रिलला कायदा झाला, कॅथलिक मुक्तीचा कायदा.

जुन्या शपथेच्या जागी कॅथलिकांसाठी नवी आली. पोपला या राज्यात राजकीय अधिकार नाही, जमिनींची आजची मालकी मी मोडणार नाही, प्रोटेस्टंट चर्चला धक्का लावणार नाही. मिस्सेबद्दल चकार शब्द नाही. लॉर्ड चान्सेलर आणि आयर्लंडचा व्हाइसरॉय अशी मोजकी पदं बंदच राहिली. चर्चच्या मालकीला हातही लागला नाही. कॅथलिक शेतकरी प्रोटेस्टंट पाद्र्याला धान्याचा दशांश भरतच राहिला, त्यावरून १८३० च्या दशकात रक्त सांडलं आणि ते चर्च सरकारपासून सुटं व्हायला १८७१ साल उजाडलं.

१५ मे १८२९ ला ओ'कॉनेल कॉमन्समध्ये गेला. टेबलावर त्याच्यापुढे जुनीच शपथ ठेवली: तुम्ही कायद्याच्या आधी निवडून आलात, नवी तुम्हाला लागू नाही. हे शुद्ध डूख धरणं होतं. त्याने शपथ वाचली आणि म्हणाला, यातला एक भाग खोटा आहे हे मला माहीत आहे, आणि दुसरा खरा आहे असं मला वाटत नाही. जागा रिकामी जाहीर झाली.

मुक्तीच्या कायद्याबरोबर आणखी दोन कायदे झाले होते. एकाने असोसिएशन बंद केली. दुसऱ्याने मतासाठीची अट २ पौंडांवरून १० पौंडांवर नेली. आयर्लंडच्या परगण्यांतले दोन लाखांवर मतदार ३७ हजारांवर आले. १८२५ मध्ये अशाच सौद्याला ओ'कॉनेलने स्वतः मान डोलावली होती; नंतर चूक कबूल करून कुळांचं मत जाऊ देणार नाही असा शब्द दिला. १८२९ मध्ये तो विरोधात बोलला, पण मुक्तीचा कायदा अडेल इतक्या जोराने नाही.

३० जुलै १८२९ ला एनिसमध्ये पुन्हा निवडणूक झाली. समोर कुणीच उभं राहिलं नाही, ओ'कॉनेल बिनविरोध आला, म्हणून मतं मोजायची वेळच आली नाही. मोजली असती तरी आदल्या वर्षी मालकाच्या कारभाऱ्यादेखत त्याचं नाव घेतलेल्या कुळांपैकी बहुतेकांना आता मत नव्हतं. आणि मत नसलेल्या कुळाला हयाती-पट्टा लिहून देण्यात जमीनदाराला काही फायदा उरला नव्हता.